दचकणं थांबतं तेव्हा

बारावीला जीवशास्त्र शिकवताना 'सरावणे' हा मुद्दा मी दोन वाक्यांत उरकायचो. तोच उद्दीपक पुन्हा पुन्हा आला की प्राण्याचा प्रतिसाद कमी होतो, एवढं फळ्यावर लिहायचं आणि पावलोव्हच्या कुत्र्याकडे वळायचं. याला शिकणं का म्हणतात, ते मला पटतच नव्हतं. शिकलं की पदरात काहीतरी पडतं. इथे तर होती ती प्रतिक्रियाही जाते! स्नायू दमला असेल, त्याला एवढं मोठं नाव कशाला? स्टाफरूममध्ये हे मी ठासून सांगायचो.

ते मत बदललं झेब्रा माशाच्या पिल्लांविषयी वाचताना. मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेतल्या माशांच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. पाच-सहा दिवसांचं पिल्लू जेमतेम चार मिलिमीटरचं, पारदर्शक, मेंदूत साधारण लाखभर चेतापेशी. पिल्लू ठेवलेल्या बशीला ठोका बसला की मेंदूच्या मागच्या भागातली माउथनर पेशींची जोडी हुकूम सोडते आणि दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या आत पिल्लू अंगाचा बाक करून निसटू पाहतं. साध्या डोळ्यांना ते धड दिसतही नाही. सेकंदाला हजार चित्रं टिपणारा कॅमेरा लागतो.

दर सेकंदाला एक असे ठोके देत गेलं की तीस-चाळीस ठोक्यांत बहुतेक पिल्लं दचकेनाशी होतात. दमली, असंच मी म्हटलं असतं. पण मध्येच वेगळ्या प्रकारचा एखादा धक्का द्या, त्याच ठोक्याला पिल्लू पुन्हा दचकतं. दमलेला स्नायू असा क्षणात ताजा होत नाही. त्याहून मला अडवलं ते दुसऱ्या गोष्टीने. हलक्या ठोक्याला पिल्लं लवकर सरावतात, जोरदार ठोक्याला उशिरा. थकवा असता तर नेमकं उलटं घडायला हवं होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मायकेल ग्रॅनाटो यांच्या प्रयोगशाळेतून २०११ मध्ये आलेल्या कामात आणखी एक पुरावा होता: स्मृतीशी संबंधित म्हणून ओळखले जाणारे एनएमडीए ग्राही औषधाने अडवले, तर पिल्लांचं सरावणं बिघडतं.

दुसरा प्रयोग अंधाराचा. दिवा अचानक मालवला की पिल्लू मोठा वळसा घेतं. हे मालवणं मध्ये विश्रांती ठेवून, टप्प्याटप्प्याने केलं तर दुसऱ्या दिवशीही वळसे कमीच राहतात. सगळं सलग उरकलं तर परिणाम तसा टिकत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांसारखंच. आणि पेशींमध्ये नवी प्रथिनं बनणं थांबवलं की दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणारी ही आठवण तयारच होत नाही.

२०१९ मध्ये ओवेन रँडलेट आणि सहकाऱ्यांनी याच वळशाची फोड केली. वळायचं की नाही, किती उशिरा, वळसा किती मोठा, हे सगळं एकत्र घटत नाही. एकेक बाब आपापल्या पद्धतीने बदलते. म्हणजे मेंदूत एकच नळ बंद होत नाही, ठिकठिकाणी फेरबदल होतात. पुढच्या कामात त्यामागे गाबा हे रसायन वापरणाऱ्या, इतर पेशींना आवरणाऱ्या चेतापेशींचा मोठा हात दिसला. प्रतिसाद गळून पडत नव्हता, त्याला आवरून धरलं जात होतं. माझा जुना आक्षेप इथे संपला.

सरावण्याच्या या गोष्टीत एक ओळखीचं नावही येतं. गरोदरपणातली 'डबल मार्कर' तपासणी अनेक घरांना माहीत असते. त्यात मोजल्या जाणाऱ्या दोन घटकांपैकी एक आहे पॅप-ए हे प्रथिन. ते बनवणाऱ्या जनुकाचं माशातलं रूप बिघडलेली पिल्लं ठोक्यांना नीट सरावत नाहीत, हे २०१५ मध्ये दिसून आलं. अशी पिल्लं दचकत राहतात.

म्हणून पिल्लू 'विचार करतं' असं मी म्हणणार नाही; तसले मथळे मला अजूनही खटकतात. पण सरावणं म्हणजे थकवा, हे वाक्य मी आता वर्गात उच्चारत नाही. हा भाग शिकवणाऱ्या शिक्षकांना एवढंच सांगतो: दोन वाक्यांत उरकू नका, एक पूर्ण तास द्या, आणि हलक्या ठोक्याचा प्रश्न मुलांना आधी विचारा.