गोड्या पाण्यातली जहाजं

जहाज म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो. पण अमेरिकेत मिशिगनला राहणारा माझा आतेभाऊ जी जहाजं बघून आला ती चक्क तलावात बुडालेली आहेत! तलाव म्हणजे आपल्या घोडाझरीसारखा नव्हे हं. ह्युरॉन नावाचा, पलीकडचा काठच दिसत नाही असा. आपलं ताडोबा जसं वाघांसाठी राखीव, तसं तिथे अल्पीना गावाजवळ ‘थंडर बे’ हे बुडालेल्या जहाजांसाठी राखीव क्षेत्र आहे, २००० सालापासून. आजवर तिथे शंभराच्या आसपास जहाजं सापडलीत. पाठीवर सिलिंडर बांधून खाली जा, मनसोक्त बघा, पण एक खिळासुद्धा वर आणायचा नाही.

दादा स्वतः उथळ भागातल्या जहाजांपर्यंतच गेला. खोल पाण्यातल्या जहाजांची फिल्म मात्र त्याने दिवाळीत लॅपटॉपवर दाखवली. दीडशे वर्षांपूर्वी बुडालेलं जहाज आणि डोलकाठ्या अजून ताठ उभ्या! आमच्या हॉस्टेलच्या खाटा तीन वर्षंसुद्धा टिकत नाहीत. कारण साधं आहे. समुद्रात लाकूड पोखरणारा जो किडा असतो तो गोड्या पाण्यात जगत नाही, आणि ह्युरॉनचं पाणी तर फ्रीजसारखं थंड. हे ऐकून बाबा म्हणाले, “यात नवीन काय? आपले ढिवरही उन्हाळ्यात डोंगा पाण्यात बुडवून ठेवतात.” खरंच की! गावातले काका डोंग्यात दगड भरून तो बुडवतात, कारण उन्हात पडला तर तडकतो. कॉन्व्हेंटच्या दहा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं गणित. दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. ‘पेवाबिक’ नावाचं जहाज सुमारे ५० मीटरवर आहे, म्हणजे तिथे दाब सहापट. हौशी पाणबुड्यांची मर्यादा ४० मीटर, म्हणून दादा तिथे गेला नाही. ते १८६५ साली तांबं घेऊन निघालं होतं आणि आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर आदळून बुडालं. पुढे ते तांबं काढायला गेलेले काही पाणबुडेही मेले.

फिल्म संपली. सगळे “वा! वा!” करत होते. आईने विचारलं, “त्याच्यात मानसं किती होती?”

कुणालाच नीट सांगता आलं नाही.

गंमत म्हणजे त्याच काळात आपल्याकडेही बोटी आणायचा घाट घातला होता. गोदावरीतून प्राणहितेत, तिथून वर्धेत, आणि वऱ्हाडचा कापूस थेट समुद्रापर्यंत! इंग्रजांनी वाटेतल्या खडकांवर काम सुरू केलं. प्राणहितेवरचं देवलमरी त्यातलंच एक ठिकाण, आज अहेरी तालुक्यात. १८७१ मध्ये काम बंद पडलं. मोठ्या बोटी आल्याच नाहीत. नदी ओलांडायला डोंगे आणि नावाच राहिल्या.

जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत अशीच एक नाव उलटली. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायका होत्या. त्यातल्या काहीजणी परत आल्याच नाहीत. आमच्याकडे माणूस पाण्याखाली जातो तो असं कुणाला तरी शोधायला. हौसेनेही जाता येतं हे आईला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि ते तिला पटलेलं नाही.

मला मात्र जायचंय. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. माहिती काढून ठेवलीय, फी आईकडूनच येणार. परवा फोनवर विषय काढला. ओरडेल असं वाटलं होतं. पण थोडं थांबून म्हणाली, “शिकून आलास तं आपल्या नदीत कामी पडशील का?”

मी दादाला विचारलं. तो म्हणाला, समुद्रातलं शिक्षण वेगळं. नदीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, तळ हातांनी चाचपावा लागतो, आणि त्याचं ट्रेनिंग वेगळं असतं. हे आईला अजून सांगायचंय.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी