हुक, हायब्रिड आणि मणिबेली

ऑफिसच्या पार्किंगमध्ये जरा नजर टाका. हायब्रिड एसयूव्ही आता काही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. ग्रँड विटारा, हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस या तिघी २०२२ या एकाच वर्षात आल्या आणि 'मायलेज किती देते?' हा प्रश्न विचारणाऱ्यांची बोलती बंद झाली. मायलेजचं कौतुक संपलं की डोक्यात पुढचा किडा वळवळतो. मागे हुक बसवायचा, ट्रेलर जोडायचा, वर कयाक टाकायची आणि वीकएंडला सुटायचं!

आमच्या ग्रुपमध्येही हा किडा शिरला, पण कारण वेगळं होतं. आम्हाला एक बोट पोचवायची होती. तीही मणिबेलीला!

मणिबेली म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्याचं, सातपुड्याच्या पार टोकाचं गाव. राज्यातलं मतदान केंद्र क्रमांक १ इथलं. पलीकडे गुजरात, मध्ये नर्मदा. तिथल्या एका घराशी आमची बरीच वर्षं ओळख. त्यांची लाकडी होडी गळायला लागली होती आणि होडी नाही म्हणजे रेशन नाही, बाजार नाही, दवाखाना नाही. मग आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून चौदा फुटी सेकंडहँड फायबरची बोट घेतली. वजन साधारण दीडशे किलो. बोट मिळाली, पण न्यायची कशी?

हुकचा फंडा

आमच्यातल्या एकाकडे दीड लिटरची हायब्रिड. गॅरेजवाला म्हणाला, "दोन तासांत वेल्डिंग करून देतो साहेब, हत्ती ओढेल!" हत्तीचं सोडा, आम्ही आधी कागद-पेन घेऊन बसलो.

पहिली गोष्ट, या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. बॉडी हीच चॅसी. त्यामुळे हुक बंपरला नव्हे, तर कंपनीने ठरवून दिलेल्या मजबूत जागांनाच बोल्ट करावा लागतो. बंपरमध्ये स्क्रू करून बसवायचा जो कडीवाला खिळा गाडीसोबत मिळतो, तो अडकलेली गाडी बाहेर काढण्यासाठी असतो, ट्रेलरसाठी नाही. दुसरी गोष्ट वायरिंग. मागचे दिवे कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणून ट्रेलरच्या दिव्यांना वेगळं मोड्यूल आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवरून वेगळी लाइन हवी. आणि नारिंगी केबल दिसली की हात मागे! ती हाय व्होल्टेजची.

तिसरी गोष्ट आकड्यांची. युरोपात आरएव्ही-४ हायब्रिडचं फोर व्हील ड्राइव्ह मॉडेल ब्रेकवाला ट्रेलर असेल तर १,६५० किलो ओढू शकतं, टू व्हील ड्राइव्ह फक्त ८००. म्हणजे नाव तेच, पण ओढण्याची ताकद निम्मी! 'हायब्रिड आहे, ओढेल की' असं म्हणून चालत नाही. तुमच्या मॉडेलचा, तुमच्या देशातला आकडाच खरा.

आमच्या मॅन्युअलमध्ये तो आकडा नव्हता. ट्रेलर ओढू नका, असं सरळ लिहिलं होतं. शिवाय मोटार वाहन कायद्याने ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते आणि गाडीत असा बदल करायचा तर कलम ५२ आडवं येतं. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न काय विचारतील, हे सांगायला नकोच. हुक कॅन्सल!

बोट शेवटी पिकअपच्या पाठीवर चढली. पालथी, नाक केबिनच्या वर, शेपटाला लाल फडकं. हायब्रिडमध्ये आम्ही, लाइफ जॅकेट्स आणि चकल्यांचे डबे.

पाऊण युनिटाची गोष्ट

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर अक्कलकुवा लागतं. तिथून देवगोई घाट चढला की मोलगी. आमचूर आणि भगरीसाठी प्रसिद्ध असलेला हा बाजार. आम्ही गेलो डिसेंबरात. सागाची पानं वाळलेली, हवेत गारवा, मोबाइलची रेंज मात्र येऊन-जाऊन.

मोलगीनंतर नदीकडे उतरायला लागलो आणि कागदावरचं गणित रस्त्यावर दिसलं. या हायब्रिडची बॅटरी किती मोठी? वीजबिलाच्या भाषेत जेमतेम पाऊण युनिट! उतारावर गाडी ती भरून घेते, पण भरली की भरली. गाडी, माणसं आणि ट्रेलर मिळून दोन टन वजन तीनशे मीटर खाली उतरलं, तर दीड युनिटाहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते. थोडी वारा आणि टायर खातात. बाकीची जाणार कुठे? इंजिनाच्या ओढीत, नाहीतर ब्रेकमध्ये.

आमच्यामागे ट्रेलर नव्हता, तरी अर्ध्या उतारातच बॅटरीच्या सगळ्या दांड्या भरल्या. 'बी' मोड टाकल्यावर इंजिन घोंघावायला लागलं. मागून आवाज आला, "अरे, ॲक्सिलरेटर का दाबतोयस?" तो दाबत नव्हता. इंजिनच गाडीला धरून ठेवत होतं. मागे ब्रेक नसलेला ट्रेलर असता तर? त्या वळणावर कोणी काही बोललं नाही.

पाण्यावरचा हुक

रस्ता संपला, पाणी सुरू झालं. पुढचा प्रवास मोटरबोटीने. आमच्या बोटीला इंजिन नाही, त्यामुळे तिला ओढून न्यायचं ठरलं. घ्या! जे रस्त्यावर केलं नाही, ते नर्मदेवर.

मोटरबोटवाल्या दादांनी मागच्या दोन्ही कोपऱ्यांना दोर बांधले, ते मध्ये एकत्र आणून एक लांब दोर सोडला. आम्ही सामान नव्या बोटीच्या पुढच्या भागात रचत होतो.

"भाऊ, तिथे नका ठेवू. मागे सरकवा."

"का दादा?"

"नाक जड झालं की पाण्यात घुसतं. मग ती सरळ येत नाही, आडवीतिडवी पळते."

ट्रेलरचं नेमकं उलटं! ट्रेलरमध्ये वजन चाकांच्या थोडं पुढे हवं, नाहीतर तो शेपटीसारखा हलतो. ओढल्या जाणाऱ्या बोटीत ते मागे हवं. तिच्यात माणूस बसवायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. आणि काठ जवळ आला की खूप आधीपासून वेग कमी करायचा. कारण? "तिला ब्रेक कुठेय?"

बुडालेलं गाव, उरलेलं गाव

हे पाणी म्हणजे सरदार सरोवराचा फुगवटा. महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाने बाधित झाली आणि त्यात पहिला नंबर मणिबेलीचा. नर्मदा बचाओ आंदोलनाचे सत्याग्रह इथेच झाले. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलं. १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी, जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं, असं जाहीर केलं. त्या जाहीरनाम्याचं नाव 'मणिबेली जाहीरनामा'. २०१९ मध्ये धरण पहिल्यांदाच पूर्ण, म्हणजे १३८.६८ मीटरपर्यंत भरलं.

पाणी चढलं तशी बोट हाच रस्ता झाली. या भागात पेशंटला बांबूच्या झोळीतून खांद्यावर नेतात, त्याला 'बांबूलन्स' म्हणतात. २०२० च्या कोरोनाकाळात चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने होडी वल्हवत पाड्यांवर पोषण आहार पोचवला. आणि जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीला धडगाव तालुक्यात भुषा इथे प्रमाणाबाहेर भरलेली बोट उलटून माणसं गेली. वजन कुठे आणि किती, हा इथे जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

म्हणूनच बोट काठाला लागल्यावर घरातल्या आजींनी रंग, किंमत काहीच विचारलं नाही. विचारलं एवढंच, "किती माणसं?"

आम्ही म्हटलं, "सहा."

"मग पाचच बसवू."

जाताय? मग एवढं कराच

हुक बसवण्याआधी मॅन्युअलमधलं ट्रेलरचं पान वाचा. आकडा नसेल तर वेल्डिंगवाल्याला नमस्कार करून निघा.

हायब्रिड बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. चाकं फिरली की आतली मोटरही फिरते. फ्लॅटबेड मागवा.

मोलगीपलीकडे जाताना टाकी भरून घ्या आणि उजेडातच उतरा.

बोटीत लाइफ जॅकेट घाला, फोटोपुरतं नाही. आणि बोटवाले दादा 'पुरे' म्हणाले की सातवा माणूस काठावर थांबवा, मग तो तुमचा बॉस का असेना!