उखळीचा सांधा

इंग्लंडात हौशी माणसं घरच्या गॅरेजात मोटार बांधतात. दुरुस्त करतात असं नाही म्हणत मी, बांधतात! लोखंडी चौकोनी नळ्या कापायच्या, वेल्डिंग करून सांगाडा उभा करायचा, भंगारात निघालेल्या एखाद्या फोर्डचं इंजिन, अ‍ॅक्सल, स्टिअरिंग काढून त्याला जोडायचं आणि दोन माणसं कशीबशी मावतील अशी बुटकी, उघडी स्पोर्ट्स कार रस्त्यावर आणायची. या वेडाचं मूळ १९५७ च्या लोटस सेव्हन गाडीत आहे. कॉलिन चॅपमनची ही गाडी सुट्या भागांचा संच म्हणूनही मिळायची. तयार मोटारीवर तेव्हा खरेदीकर होता, संच घेतला की तो वाचायचा. पुढे १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले. मग १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक आलं, अवघ्या २५० पौंडांत अशी गाडी घरी कशी बांधावी याचं. त्या पुस्तकाबरहुकूम बांधलेल्या गाड्यांना ‘लोकॉस्ट’ म्हणतात.

ही सगळी माहिती मला असण्याचं काहीच कारण नव्हतं. पण लेस्टरला लेकीकडे गेलो की गॅरेजात एक सांगाडा दिसतो. जावईबापू आणि नातू मिळून तो बांधतात. गेल्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा मात्र दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते. जेवणाच्या टेबलावर सुद्धा ‘मीठ दे’ यापलीकडे काही नाही. लेक मला म्हणाली, “बाबा, तुम्हीच बघा आता. एका सांध्यावरून चाललंय सगळं.”

सांधा म्हणजे स्टिअरिंगचा. आपण हातातलं चाक फिरवतो तेव्हा खाली एक दात्यांची पट्टी डावी-उजवीकडे सरकते, तिला रॅक म्हणतात. रॅकच्या दोन्ही टोकांना एकेक दांडा असतो आणि तो पुढच्या चाकाला ढकलतो किंवा ओढतो. पण चाक नुसतं वळत नाही, खड्ड्यागणिक खाली-वरही होतं. म्हणून प्रत्येक दांड्याला दोन सांधे लागतात, एक आत रॅकपाशी आणि एक बाहेर चाकापाशी. एकूण चार. शाळेत शरीराचे सांधे शिकवताना आपण बिजागरीचा सांधा आणि उखळीचा सांधा असे प्रकार सांगायचो, आठवतंय? गुडघा, कोपर हे बिजागरीचे, खांदा आणि खुबा हे उखळीचे. स्टिअरिंगचे हे चारही उखळीचे. वाटीत गोळा बसलेला, सगळीकडे फिरणारा, पण निसटायचा नाही असा.

भांडण होतं बाहेरच्या दोन सांध्यांवरून. जावईबापूंना जुन्या फोर्डचा साधा सांधा हवा होता. त्यात गोळा वंगणात बुडालेला असतो, वरून रबराची टोपी असते आणि खालचा निमुळता खुंटा चाकाच्या दांडीतल्या तशाच निमुळत्या भोकात घट्ट बसतो. नातवाला हवा होता ‘रोज जॉइंट’. गुलाबाचा काही संबंध नाही, रोज हे बनवणाऱ्या कंपनीचं नाव. अमेरिकेत यालाच हाइम जॉइंट म्हणतात, तेही कंपनीवरूनच. यात पोलादी कड्यात आरपार भोक असलेला चकचकीत गोळा असतो आणि त्या भोकातून बोल्ट जातो. शर्यतीच्या गाड्यांना हाच असतो, दिसतोही देखणा.

बी.ए.ला मराठी घेतलेल्या मला शाळेनं वर्षानुवर्षं सातवीचं गणितही शिकवायला लावलं, ते इथे उपयोगी पडलं. मी नातवाला म्हटलं, “अरे, तुला हाच का हवा ते मला समजेल असं सांग.”

त्यानं कागदावर आकृती काढली. चाक खाली-वर होतं ते दोन आडव्या आर्म्सच्या आधारानं, म्हणजे ते सरळ रेषेत जात नाही, एका चापावरून जातं. स्टिअरिंगच्या दांड्याचं बाहेरचं टोक आपल्या त्रिज्येनं वेगळा चाप काढतं. दोन चाप जुळले तर ठीक. नाही जुळले तर चाक उचललं गेलं की दांडा त्याला ढकलतो किंवा ओढतो आणि स्टिअरिंग न फिरवताच चाक वळतं. याला ‘बंप स्टिअर’ म्हणतात. मूळ फोर्डचा रॅक फोर्डच्या मापाचा, आणि इथे सांगाडा अरुंद, आर्म्स वेगळ्या. म्हणून घरच्या गाडीत हे दुखणं हटकून येतं.

“आजोबा, रोज जॉइंट घेतला की बोल्टवर वॉशर चढवून सांधा हवा तेवढा खाली-वर करता येतो. चाप जुळवता येतात.”

मुद्दा खरा होता. पोराला नुसती चकाकी नको होती, हे मला त्या आकृतीवरून कळलं. आणि त्याच्या वडिलांना ते कळलेलं नव्हतं, कारण त्यांनी आकृती काढायला सांगितलीच नव्हती.

मग जावईबापूंना विचारलं, “तुमचा विरोध कशाला?” ते म्हणाले, “बाबा, बोल्ट एकाच बाजूनं धरलेला आहे. जितके वॉशर घालाल तितका सांधा दांडीपासून लांब जाणार.” हे तर तरफेचं गणित! आधारापासून १५ मिलिमीटरवर असलेलं बळ ३० मिलिमीटरवर नेलं की बोल्टला वाकवणारा जोर दुप्पट. बोल्ट जाड करून ताकद वाढते, ती जाडीच्या घनाच्या प्रमाणात. १० मिलिमीटरऐवजी १२ चा घेतला तर १.२ चा घन, म्हणजे सुमारे पावणेदोन पट. तरी दुपटीला पुरत नाही. शिवाय असा बोल्ट एकदम तुटत नाही. रोज थोडा थोडा वाकून, सरळ होऊन चिरत जातो आणि मग एके दिवशी, बहुधा वळणावरच, जातो. कड्यातून गोळा निसटला तर सांधा सुटू नये म्हणून त्यावर कड्याच्या तोंडाहून मोठा वॉशर घालतात. पण बोल्टच गेला तर वॉशर काय करणार?

मला सगळ्यात जास्त पटला तो त्यांचा शेवटचा मुद्दा. रोज जॉइंटला सहसा रबराची टोपी नसते. धूळ, पाणी, मीठ (तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात) सरळ आत. शर्यतीच्या गाडीला ते चालतं, कारण प्रत्येक शर्यतीआधी कुणीतरी खाली झोपून सांधे तपासतं आणि झिजलेला बदलतं. घरच्या गाडीखाली कोण झोपणार? साध्या सांध्याची टोपी फाटली तर ती डोळ्यांनी दिसते. सांधा झिजला तर खडखडतो, चाक हलवलं की हाताला खेळ जाणवतो. ब्रिटनमध्ये तीन वर्षांपुढच्या मोटारींची दरवर्षी एमओटी तपासणी होते, त्यात या टोप्याही बघतात. म्हणजे तो मोडण्याआधी बराच काळ सांगत राहतो आणि ऐकणाराही कुणीतरी असतो.

खेळ थोडासाच असला तर काय बिघडतं, म्हणून मी त्रैराशिक मांडलं. चाकाची स्टिअरिंग-दांडी १२० मिलिमीटर धरा, सांध्यात अर्धा मिलिमीटर खेळ. १३ इंची चाकाची रिम साधारण ३३० मिलिमीटर. तर रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत फरक पडतो जवळजवळ १.४ मिलिमीटर. चाकांची दिशा लावताना एकेक मिलिमीटरसाठी झटायचं आणि एका सांध्यानं सगळं घालवायचं! सांधा मोकळा फिरला पाहिजे आणि ढिला मात्र असता कामा नये, हेच त्याचं सगळं काम.

दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. एक जण चाप जुळवा म्हणत होता, दुसरा सांधा मोडू देऊ नका. पण चाप जुळवायला सांधाच का बदलायचा? मी फक्त एवढंच विचारलं, “या आकृतीत दांड्याला दोन टोकं आहेत. तुम्ही दोघं बाहेरच्याच टोकाशी का अडलात? आतलं टोक हलवता येत नाही का?”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग नातू म्हणाला, “रॅकच वर-खाली करता येईल की!” आणि त्याचे बाबा लगेच गॅरेजात गेले.

पुढचे दोन दिवस मोजमाप चाललं. स्प्रिंग काढून ठेवली, चाकाच्या जागी एक सपाट फळी बसवली आणि तिच्या पुढच्या व मागच्या कडेपाशी एकेक डायल गेज लावला. जॅकनं फळी १० - १० मिलिमीटर वर-खाली करायची आणि दोन्ही काटे वाचायचे. काटे सारखे हलले तर फळी वळलेली नाही. फरक पडला तर तेवढी वळली. सुरुवातीला फरक ५ मिलिमीटरपर्यंत जात होता. आकडे लिहून घ्यायला मी होतोच. रॅकच्या क्लॅम्पखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या घालत घालत तो ६ मिलिमीटर उचलला, तेव्हा फरक एकाच्या आत आला. बाहेर फोर्डचा साधा, टोपीवाला सांधा राहिला.

तो बसवतानाही नातवानं खुंट्याला निळा रंग लावून भोकात दाबून पाहिला. रंग चहूबाजूंनी सारखा उठला तर निमुळतेपणा जुळतो. नुसतं एखादं कडं उठलं तर खुंटा आत डुलत राहणार आणि मोडणार. रंग छान उठला. मग नट, आणि नटातून कॉटर पिन, आपोआप सैल होऊ नये म्हणून. अशा गाडीला रस्त्यावर येण्याआधी आयव्हीए नावाची सरकारी तपासणी द्यावी लागते, २००९ पासून. तिथे स्टिअरिंगचे सांधे आणि नट बारकाईनं बघतात. त्यांची गाडी अजून तिथपर्यंत पोचलेली नाही, वायरिंग व्हायचं आहे. पण ती दुसरी सीट माझ्या लेकीची आहे, त्यामुळे मला कसली घाई नाही.

असो. तुमच्याआमच्या दारातल्या गाडीला सुद्धा हेच सांधे असतात. पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला टाकाल तेव्हा तिथेच थांबा. गाडी वर उचलली की मेकॅनिकला म्हणा, बाबा रे, पुढच्या चाकांच्या टाय रॉडच्या टोप्या दाखव. फाटलेली असेल तर तिथून वंगण ओघळलेलं दिसेल. त्याच दिवशी बदलून घ्या. आणि घरात पोरगं कशासाठी हट्टाला पेटलं असेल, तर त्याला आधी एक कागद आणि पेन्सिल द्या.