जॉयस्टिक आणि नसलेला वारा

परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सिरसाळा हे आमचे गाव. येथून विमान पकडावयाचे तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, आणि तरीही गावातल्या एका खोलीत, वीज असली तर, संगणकासमोर सायंकाळी विमाने चढत-उतरत असतात, याचे नवागतास मोठे कौतुक वाटते. हे कौतुक बहुधा चित्राचे असते. उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रांवरून उभी केलेली भूमी, तीत परळी तालुक्याची काळी राने आणि सिंदफणेवरील माजलगाव धरणाचा पसरलेला जलाशय पाहून पाहुणा थक्क होतो. मेजाच्या कडेला आवळून बसविलेल्या जॉयस्टिककडे आणि इंजिनाची शक्ती कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलकडे त्याची नजर वळतही नाही. माझ्या मते मात्र घरगुती उड्डाणाचा सारा जमाखर्च या दोन वस्तूंच्या खाती पडतो.

इतिहासाचा कौलही याच बाजूस आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे ऑर्गन वाद्ये तयार करणाऱ्या कारखानदाराचा मुलगा एडविन लिंक याने १९२९ साली उड्डाणशिक्षणाची जी पेटी सिद्ध केली, ती वडिलांच्या धंद्यातील भात्यांवरच डोलत असे. तीत बसलेल्या वैमानिकास बाहेरचे आकाश दिसत नव्हते. हाती दांडा, पायांशी पट्ट्या आणि डोळ्यांसमोर काटे, एवढाच सरंजाम. टपाल वाहताना खराब हवेत वैमानिक दगावू लागले, तेव्हा १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराने याच पेट्या विकत घेतल्या. सिम्युलेटरची परंपरा अशी हातापासून सुरू झाली. चित्र फार मागाहून आले.

प्रथम बसवणीचा बंदोबस्त करावा. जॉयस्टिकचा तळ मेजावर केसभर जरी सरकला तरी हाताने दिलेली आज्ञा मेज गिळून टाकते; म्हणून सुताराचा शिकंजा लावून तो पक्का करावा, आणि उंची अशी ठेवावी की कोपर टेकलेले राहून केवळ मनगट हलेल. कोणत्या हाती काय, याचा निर्णय आपण कोणते विमान उडविणार यावर सोपवावा. लढाऊ विमानात उजव्या हाती दांडा व डाव्या हाती थ्रॉटल. एअरबसच्या कप्तानाचे याच्या नेमके उलट. बाजारातील बहुसंख्य जॉयस्टिका उजव्या मुठीच्या घडणीच्या असल्यामुळे एअरबसप्रेमी गृहस्थाने दोन्ही हातांना चालणारी, सरळ घाटाची मूठ शोधावी हे बरे.

यानंतर मध्यबिंदूची तपासणी. विंडोजच्या कॅलिब्रेशन खिडकीत एका चौकटीत अधिकचे लहानसे चिन्ह दिसते. दांड्यावरून हात काढून घेतला असता ते निश्चल राहिले पाहिजे. स्वस्त यंत्रांत पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारा एक स्पर्शक. ती पट्टी झिजली, किंवा आमच्याकडचा उन्हाळ्यातला फुफाटा आत शिरला, की हे चिन्ह आपोआप थरथरू लागते. चुंबकाच्या आधाराने चालणाऱ्या हॉल सेन्सरला असे घासणे नाही, म्हणून तो दीर्घायुषी. थरथर असेल तर ‘डेड झोन’ ठेवावा, म्हणजे मध्याभोवतीची तेवढी हालचाल विमानाने ऐकूच नये. पण तो थरथरीला पुरेल इतकाच असावा. पुष्कळ जण विमान शांत उडावे म्हणून तो उदारपणे वाढवितात आणि मग त्यांची अवस्था कासरा ढिला सोडून बैलांना वळवू पाहणाऱ्या गड्यासारखी होते: आधी काहीच घडत नाही, आणि घडते तेव्हा नको तितके घडते.

येथवरचे काम कोणासही जमेल. खरी अडचण पुढे आहे, आणि ती अशी की आपल्या खोलीत वारा नाही. सेस्ना १७२ सारख्या लहान विमानात दांड्याचा जो भार हातास जाणवतो तो शेपटीच्या पट्टीवर आदळणाऱ्या हवेचा असतो. वेग वाढला की तो जड होतो, वेग ओसरला की दांडा ढिला, निर्जीव वाटू लागतो, आणि अनुभवी वैमानिक काट्याकडे न पाहता तळहाताने वेग ओळखतो. आपल्या जॉयस्टिकमध्ये मात्र एक स्प्रिंग आहे, आणि ती साठ नॉटला व एकशेवीस नॉटला सारख्याच निष्ठेने दांडा मध्याकडे ओढते. ट्रिमचे, म्हणजे हातावरचा हा भार उतरविण्याचे, चाक या ठिकाणी उलटे वागते. खऱ्या विमानात दांडा हवा तेथे धरून भार नाहीसा होईतो चाक फिरवावे, आणि दांडा तेथेच राहतो. घरी चाक फिरवीत असतानाच स्प्रिंगला शरण जाऊन दांडा हळूहळू मध्यावर परत न्यावा लागतो. हे ज्याच्या अंगवळणी पडले नाही त्याचे विमान अखंड वरखाली डुलत राहते, आणि तो दोष बिचाऱ्या यंत्राच्या माथी मारतो.

वाऱ्याची ही उणीव भरून काढण्यासाठी ‘कर्व्ह’ची तजवीज असते: मध्याजवळ दांडा बराच हलवला तरी विमानाने थोडेच हलावे आणि कडेकडे त्याची भरपाई व्हावी. ही वक्ररेषा सौम्य असावी असे माझे आग्रही मत आहे, कारण धावपट्टीवरून नाक उचलण्याच्या क्षणी तीव्र वक्ररेषा दगा देते. ओढावे तर काही होत नाही, म्हणून आणखी ओढावे, आणि नाक एकाएकी उसळावे. बोइंग ७३७ चे नाक सेकंदास दोन-तीन अंशांच्या संथ गतीने उचलावयाचे असते. या क्षणाचे मोल आमच्या भागास ठाऊक आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी तेव्हाच्या औरंगाबादहून मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ७३७ विमान धावपट्टीच्या टोकापलीकडील बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकास धडकले आणि ११८ पैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचललेले नाक हे एक कारण ठरले, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील रहदारी न रोखणे हे दुसरे. ज्या रस्त्याने आमच्या भागातला कापूसही जातो, त्या रस्त्याचे नाव अशा अहवालात वाचलेला माणूस जॉयस्टिकच्या त्या दोन-तीन अंशांकडे खेळ म्हणून पाहू शकत नाही.

थ्रॉटलचे प्रकरण त्या मानाने दप्तरी स्वरूपाचे आहे. जॉयस्टिकच्या तळाशी एक लहान सरक-कळ असते. वेगळा थ्रॉटल जोडला तरी प्रोग्राम दोघांनाही इंजिनाचा अधिकार परस्पर बहाल करतो, आणि या दुहेरी अंमलात इंजिनाचा आवाज विनाकारण चढउतार करू लागतो. जुन्या कळीची नेमणूक रद्द करणे हा उपाय. थ्रॉटलच्या जवळजवळ एकाच नावाच्या दोन नोंदी यादीत आढळतात; चुकीची उचलली तर लिव्हरचा अर्धा प्रवास फुकट जातो. पुढे ढकलले असता शक्ती कमी होऊ लागली तर अक्ष उलटा करून घ्यावा. आणखी एक सांगण्याजोगे: सेस्नात थ्रॉटल म्हणजे आतबाहेर होणारी काळी मूठ, शेजारी इंधन-हवेच्या मिश्रणाची लाल मूठ; लिव्हरांचा ऐटदार संच हा मोठ्या विमानांचा सरंजाम. एअरबसच्या लिव्हरांस ठरावीक खाचा असतात व स्वयंचलित शक्ती चालू असता त्या जागच्या हलत नाहीत, म्हणून घरगुती लिव्हरला एअरबसचे सोंग विशेष शोभते. त्यासाठी प्रत्येक खाचेची जागा प्रोग्रामला एकदा दाखवून द्यावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे. पण टाळले तर चढाईची शक्ती मागावी आणि भलतीच मिळावी, असा प्रकार होतो.

प्रोग्रामची नवी आवृत्ती उतरली की या साऱ्या नोंदी कधी कधी पुसल्या जातात. म्हणून विमानाचे नाव, डेड झोनची टक्केवारी, वक्ररेषा आणि रद्द केलेल्या कळा असा तपशील मी एका वहीत, रोजकीर्दीप्रमाणे तारीखवार, लिहून ठेवतो. घरातली मुले या वहीस हसतात, आणि स्वतःचे प्रोफाइल निराळे ठेवतात. त्यांच्या वक्ररेषा माझ्या हिशेबी फार तीव्र आहेत, परंतु त्यांना लढाऊ विमाने प्रिय असल्यामुळे त्या बाबतीत मी हुकूम काढलेला नाही.