ओला की कोरडा?

पहिला दमदार पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत माझा फोन वाजायला लागतो. बदलापूरपासून बारवी धरणाच्या रस्त्याला फार्महाउसं वाढली, तशा हिरवळीही वाढल्या. गवत गुडघ्याला लागलं की शेडमधल्या गवत कापायच्या यंत्राची आठवण होते. मग तेच वाक्य : "दादा, सेल्फ फिरतोय, पण पेटत नाय."

हे ऐकलं की मी निम्मा निर्धास्त होतो. सेल्फ दणकून फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक. बसून चालवायच्या बहुतेक यंत्रांत ब्रेक दाबलेला नसेल किंवा पातं चालू राहिलं असेल तर सेल्फच लागत नाही, म्हणजे तेही ठीक. उरलं पेट्रोल, ठिणगी, हवा आणि कॉम्प्रेशन.

यंदा जूनमध्ये अशाच एका फार्महाउसवर गेलो. तिथले राखणदार मामा त्या यंत्राला 'छोटा ट्रॅक्टर' म्हणतात. मालकांनी फोनवरून एकेक अंदाज सांगितला आणि मामांनी उल्हासनगरला तीन खेपा घातल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली लष्करी छावणी जाऊन किती वर्षं झाली, पण तिथे पत्ता अजून कॅम्पच्या नंबरानेच सांगतात. कॅम्प तीनमधून मामांनी आधी बॅटरी आणली, मग प्लग, मग कॉइल. कॉइल बसवलीही नीट होती, फ्लायव्हीलपासून व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढं अंतर ठेवून. हात चांगला होता, पण जुना प्लग काढल्यावर कुणी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

मी पाच-सहा वेळा सेल्फ मारून प्लग काढला. वैद्य जीभ बघतो तसा मी प्लग बघतो. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. ओला निघाला असता तर कॉइलकडे जाणारी इंजिन बंद करायची वायर सुटी करून पाहिली असती. ती काढल्यावर ठिणगी आली, तर कॉइल निर्दोष. दोष सीटखालच्या स्विचमध्ये किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरीत. (ही वायर सुटी असताना किल्लीने इंजिन बंद होत नाही, हे आधी लक्षात ठेवावं.)

प्लग कोरडा ठणठणीत होता.

किल्ली फिरवून कार्बोरेटरला कान लावला. खालच्या सोलेनॉइडने 'टक्' केलं, म्हणजे तो उघडतोय. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक पाहिलं. कुंभारीण माशीला अशी भोकं फार आवडतात. मातीने लिंपून टाकते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. तेही मोकळं होतं. मग कार्बोरेटरची वाटी उतरवली.

वास पेट्रोलचा नव्हताच, जुन्या व्हार्निशचा होता. संक्रांतीनंतर गवत वाळलं, यंत्र उभं राहिलं आणि पेट्रोल आतच राहिलं. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. वाटीतलं काचेच्या बरणीत ओतलं, तर वर पिवळं आणि खाली गढूळ असे दोन थर दिसले. जेटच्या भोकात हिरवट राळ बसली होती. तिथे सुई घालायची नाही, पितळ ओरखडतं आणि भोक मोठं होतं. वायरीतली तांब्याची एक तार काढून हलकेच फिरवली, जेट उजेडाकडे धरला आणि गोल ठिपका दिसेपर्यंत फिरवत राहिलो.

पेटत नाही म्हणून सेल्फ मारतच राहणं, ही सवय मला सर्वांत जास्त खटकते. ती किती महागात पडते, ते पुरात पाहिलं. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं. त्याच दिवशी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. पाणी ओसरल्यावर माझ्या दुकानापुढे स्कूटरची रांग लागली. ज्यांनी गाडी तशीच ढकलत आणली, त्यांचा प्लग काढला, पाणी उडवलं, चहासारखं दुधी झालेलं ऑइल दोनदा बदललं, भागलं. ज्यांनी घरीच सेल्फ मारून पाहिला, त्यांच्यातल्या काहींचा कनेक्टिंग रॉड वाकला होता. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला की कुठलातरी लोखंडी भाग वाकू शकतो. त्या आठवड्यात एका गृहस्थांना मी हे सांगत होतो, तर ते म्हणाले, "अहो, पण फिरत होता की!"

असो. मामांच्या यंत्रात ताजं पेट्रोल घातलं, जुना गाळणीचा डबा बदलला, चोक ओढला. दुसऱ्या सेल्फला इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला आणि लागलं. मामा उडी मारून बसले आणि शेडपासून आंब्यापर्यंत एक पट्टा कापून आले.

उतरल्यावर त्यांनी खिशातून चुरगळलेली बिलं काढली, जुनी कॉइल फडक्यात गुंडाळून ठेवली होती ती पुढे केली आणि विचारलं, "ही परत लावून नवी दुकानात दिली, तर घेतील का ओ?"

मी बिल हातात घेतलं. खाली निळ्या शिक्क्यात छापलं होतं : विजेचा माल परत घेतला जाणार नाही.