काळा तंतू

यंदा कार्तिकातल्या पावसाने चेन्नईच्या भिंतींना आतून ओल आली असता, माळ्यावरची वडिलांची पत्र्याची पेटी मी खाली उतरवली, आणि तिचे झाकण उघडताच शिरक्याचा असा उग्र दर्प घरभर पसरला की ‘काय सांडलं?’ म्हणून विचारीत सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सांडले काहीच नव्हते. ॲसिटेटची जुनी फिल्म दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिली म्हणजे तिचे विघटन होऊन तीतून ॲसेटिक आम्ल सुटू लागते, आणि एकदा ती क्रिया सुरू झाली की तिला परत फिरवण्याचा उपाय नाही. वडिलांच्या निगेटिव्ह आकसून, वळून एकमेकींना चिकटल्या होत्या. पुण्याचा वाडा, माझी मुंज, आत्यांची लग्ने, सारे त्या आंबट वाफेत चालले होते. शाबूत राहिले ते कागदावरचे एक छायाचित्र: कोडाईकनालच्या वेधशाळेतील सूर्यबिंब, आणि त्यावर मध्यापासून पश्चिमेच्या कडेकडे वळत गेलेली एक बारीक काळी रेघ.

वडील रेल्वेच्या हिशेबतपासणी खात्यात होते. पुण्याहून मद्रासेस बदलीचा हुकूम निघाला, ते इथे रुजू झाले आणि इथलेच होऊन राहिले. एका उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी आम्हांला कोडाईकनालला नेले, आणि तळ्यावर नौकेत बसवण्याआधी वेधशाळा दाखवली. तेथील एका वृद्ध कर्मचाऱ्याने, मागून दिवा लावलेल्या दुधी तावदानावर, एक काचेची प्लेट ठेवली. ती निगेटिव्ह असल्याने सूर्य काळाकुट्ट होता आणि रेघ पांढरी. मग त्याने शेजारी तिची कागदावरची प्रत ठेवली. तीत सूर्य उजळ झाला आणि रेघ काळी पडली. नखाचे टोक त्या रेघेवरून हळूहळू नेत तो बिंबाच्या कडेशी आला, कडेच्या किंचित बाहेर थांबला, आणि म्हणाला की सूर्य स्वतःभोवती फिरत फिरत हिला इथवर आणील, तेव्हा हीच ज्वाला होऊन दिसेल. त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही. त्याचे नख आठवते, डेव्हलपरने तपकिरी पडलेले.

पुढे सूर्याची जी जी छायाचित्रे हाती आली, ती मी त्या नखाच्या मागोमागच वाचीत आलो. साध्या पांढऱ्या प्रकाशातल्या चित्रात डाग प्रथम डोळ्यांत भरतात, मध्ये गडद छाया आणि भोवती तंतुमय उपच्छाया. परंतु त्या गडद छायेचेही तापमान सुमारे 4000 अंश असते, आणि सभोवतीचे पृष्ठ 5800 अंशांच्या आसपास असल्यामुळेच केवळ ती काळी ठरते. तेथील प्रबळ चुंबकीय क्षेत्र आतून वर येणारा उष्णतेचा ओघ अडवून धरते, म्हणून तेवढा भाग निवतो. पण तोच डाग सूर्यापासून तोडून रात्रीच्या आकाशात टांगता आला असता, तर पौर्णिमेच्या चंद्राने त्याच्यापुढे हार खाल्ली असती. बिंबाची कड मध्याहून मंद दिसते, कारण कडेकडे आपली दृष्टी तिरकी शिरते आणि वरच्या, तुलनेने थंड थरांतच अडकते. आणि त्या मंदपणामुळेच डागांच्या आसपासची शुभ्र जाळी, ज्योतिर्विदांच्या भाषेत फॅक्युला, कडेजवळ उठून दिसते. बिंबाच्या मध्यावर ती असली तरी उजेडात हरवते.

हायड्रोजनच्या तांबड्या रेषेच्या प्रकाशात तेच बिंब टिपले म्हणजे मात्र त्या काळ्या रेघेसारखे तंतू प्रकट होतात. चुंबकीय बलरेषांवर तोलून धरलेला, कधी कधी लाख किलोमीटरहूनही लांब असा तो वायूचा पडदा असतो. बिंबासमोर असताना तो खालून येणारा प्रकाश शोषतो म्हणून काळा, आणि कडेबाहेर गेला की मागे काळे आकाश येते म्हणून तांबूस तेजस्वी. द्रव्य तेच, जागा बहुधा तीच. बदलते ती पार्श्वभूमी. शाळेत शिकलेल्या साऱ्या विज्ञानात याहून सुंदर गोष्ट मला भेटली नाही.

कोडाईकनालला सूर्य टिपू लागले, त्याची मुळे मद्रास इलाख्यातल्या 1876–78 च्या भीषण दुष्काळात आहेत. डागांचा आणि पर्जन्याचा काही संबंध सापडेल, या आशेने सरकारदरबारी सौरवेधांची निकड पटली, आणि 1899 साली नुंगमबाक्कमच्या वेधशाळेचे काम पळणीच्या डोंगरात हलले. मूळ वेधशाळेचा 1792 चा ग्रॅनाइटचा खांब आमच्या घरापासून जवळच, हवामान खात्याच्या आवारात आहे. इथूनच 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणासाठी वेधशाळेचा प्रमुख पॉग्सन मच्छलीपट्टणला गेला आणि त्याचे सहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला. गुंटूरला फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन मुक्काम ठोकून होता. कडेवरच्या ज्वालांचा प्रकाश वर्णपटदर्शकात शिरताच ठळक तेजस्वी रेषा दिसल्या, आणि त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे सिद्ध झाले. त्यांतली एक पिवळी रेषा सोडियमशी जुळेना. तीच पुढे हेलियमची ठरली.

आणि इथे माझी एक जुनी तक्रार नोंदवल्यावाचून मला पुढे जाववत नाही. हेलियमचा शोध 1868 साली इंग्रज ज्योतिर्विद लॉकयरने विजयदुर्गावर लावला, असे कोकणात मोठ्या अभिमानाने सांगतात आणि साहेबाच्या दुर्बिणींसाठी बांधलेले म्हणून चौथरेही दाखवतात. लॉकयर 1868 साली इंग्लंडात होता, आणि 20 ऑक्टोबरला ग्रहणावाचूनच त्याने तिथे ज्वालांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गावर तो आला 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, आणि तेव्हा हेलियम पृथ्वीवरही हाती येऊन तीन वर्षे होत आली होती. मला याचा राग येतो, कारण महाराष्ट्राला उसनवारीची गरजच नाही. त्याच 1898 च्या ग्रहणात वऱ्हाडातल्या तळणी गावी ॲनी माँडर या बाईंनी सूर्यप्रभेचा तोवरचा सर्वांत लांब किरण छायाचित्रात पकडला. त्याच तळणीला आलेला इंग्रज ज्योतिर्विद एव्हरशेड पुढे कोडाईकनालला येऊन राहिला आणि डागाच्या उपच्छायेतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे त्याने 1909 साली दाखवून दिले. आणि सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला होते आपले पुण्याचे कावसजी दादाभाई नेगमवाला, भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींच्या देणगीतून कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभारणारे. ते 1912 साली निवृत्त झाले तशी ती वेधशाळाच मोडली, आणि तिची 20 इंची दुर्बीण कोडाईकनालला धाडण्यात आली. पुण्याहून दक्षिणेस बदली झालेल्या त्या दुर्बिणीविषयी वडील नात्यातल्या माणसाविषयी बोलावे तसे बोलत, आणि मद्रास मेल जेऊरवरून जाऊ लागली की खिडकीशी येऊन उभे राहत.

त्याच लोहमार्गावर रायचूर लागते. 16 फेब्रुवारी 1980 ची खग्रास सावली रायचूरवरून जाणार म्हणून वडिलांनी आम्हां सर्वांना तिथे नेले. आई नाखुशीनेच आली; ग्रहण पाहायचे नाही, या अटीवर आली, आणि दशम्यांच्या डब्यात तुळशीची पाने घालून आली. दुपार उतरत असता उजेड करडा झाला, पाखरे झाडांकडे वळली, आणि बिंब पुरते झाकले गेले तेव्हा काळ्या चंद्राच्या कडेवर एक गुलाबी कण उमटला. कोडाईकनालच्या त्या नखाने बिंबाबाहेर जाऊन जी जागा दाखवली होती, तशीच ती जागा. मी वळून पाहिले, तर आईही वर पाहत होती. ‘अहो, ते कुंकवासारखं काय?’ तिने विचारले. वडिलांनी हायड्रोजन सांगितला, ज्वाला सांगितल्या, आणि मग म्हणाले, ‘तुझ्या माहेरी कळलं हे. जमखिंडीला.’

खरेच होते ते. पटवर्धनांच्या जमखिंडीत 1868 साली लेफ्टनंट जॉन हर्शेल, थोर विल्यम हर्शेलचा नातू, ढगांशी झगडत वेध घेत होता, आणि ज्वालांच्या त्या तेजस्वी रेषा त्यालाही दिसल्या होत्या. पुढे मद्रासेतल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला आई ही हकिकत आवर्जून सांगे. त्याच दिवशी ती गोष्ट गुंटूरलाही उमगली, मच्छलीपट्टणलाही उमगली, अशी पुरवणी वडील घरी जोडीत, आणि आईला ती पुरवणी मान्य असूनही ती जमखिंडीचे नाव पहिलेच घेई; कारण ग्रहणाची सावली पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते हे वडिलांनीच तिला रायचूरला समजावून दिले होते, आणि तशी ती गेली असेल तर गुंटूरच्या आधी आमच्याच गावावरून गेली, असा तिचा बिनतोड हिशेब होता.