अस्तर सुटले तेव्हा

माझी धाकटी बहीण बाळंत होऊन एकोणीस दिवस झाले होते. चिल्ला अजून उतरला नव्हता. पहाटे बाळाला पाजून ती उठली आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखे तिला वाटू लागले. कळ डाव्या हातातून जबड्याकडे चढली, घाम सुटला, मळमळू लागले. शेजारच्या खालांनी ओवा दिला. जवळच्या दवाखान्यात पित्ताचे इंजेक्शन झाले. 36 वर्षांची बाई, ना साखर, ना ब्लडप्रेशर. हृदयाची शंका कुणाला येणार? कळ थांबेना तेव्हा अब्बांनी रिक्षा बोलावली आणि तिला मोठ्या इस्पितळात नेले. तिथे पहिला ईसीजी जवळजवळ नीटच आला. पण ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला घरी सोडले नाही. त्यांनी रक्तातील ट्रोपोनिन तपासले आणि तीन तासांनी पुन्हा तपासले. दुसऱ्या वेळी ते वाढलेले होते. हार्ट अटॅक होता!

अँजिओग्राफीत चरबीचा अडथळा कुठेच दिसला नाही. आजाराचे नाव निघाले स्पॉन्टेनियस कोरोनरी आर्टरी डिसेक्शन, थोडक्यात स्कॅड.

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याचे स्वतःचे पोट भरतात त्या दोन धमन्या. महाधमनी हृदयातून निघते तिथेच, झडपेच्या जरा वर, त्यांचा उगम असतो. उजवी एक, डावी एक. डावी थोडे पुढे जाऊन दुभंगते: एक फांदी हृदयाच्या पुढच्या अंगाने खाली उतरते, दुसरी वळसा घालून मागे जाते. या वाटा रुंदीला तीन-चार मिलिमीटर. त्यांची भिंत तीन पदरांची असते. स्कॅडमध्ये आतला पदर फाटतो किंवा भिंतीतच रक्तस्राव होतो. पदरांमध्ये रक्त साचते आणि ते खऱ्या वाटेला दाबून टाकते. बहिणीची पुढची फांदी अशीच दबली होती. याच फांदीत हे जास्त वेळा होते.

डॉक्टर हे समजावत होते तेव्हा आम्ही नुसत्या माना हलवत होतो. अम्मीने मात्र आयुष्यभर शिवणकाम केले आहे. ती म्हणाली, "म्हणजे अस्तर सुटलं आणि मध्ये पाणी भरलं." डॉक्टर म्हणाले, अगदी तसेच.

या आजाराची पहिली नोंद 1931 ची; 42 वर्षांच्या एका बाईच्या मृत्यूनंतर शवविच्छेदनात तो सापडला. आजही दहा रुग्णांत सुमारे नऊ बायका असतात, आणि बहुतेकींच्या धमन्यांत चरबी नसते. गरोदरपणात, विशेषतः बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, धोका वाढतो. आपल्याकडे नेमक्या याच दिवसांत बाईची प्रत्येक तक्रार 'वारा लागला' किंवा 'गॅस झाला' यात बसवली जाते.

नातेवाइकांनी मग दोन प्रश्न धरले. पहिला, स्टेंट का नाही टाकला? पदर आधीच सुटलेला, त्यात तार आणि फुगा घातला तर चीर आणखी लांब जाऊ शकते. रक्तप्रवाह चालू असेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर औषधे देऊन नजरेखाली ठेवतात. बहुतेकदा धमनी काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप सांधते. बहिणीची सांधली, अलहम्दुलिल्लाह. दुसरा प्रश्न खरे तर प्रश्न नव्हता, ठपका होता: "टेन्शन फार घेते ती." मोठा मानसिक धक्का काही जणींमध्ये निमित्त ठरतो, हे डॉक्टरही सांगतात. पण निमित्त म्हणजे गुन्हा नव्हे. एकोणीस दिवसांच्या बाळंतिणीला तुझा आजार तूच ओढवलास म्हणणे, हे मला आजही सहन होत नाही.

नंतर तिच्या मानेच्या आणि मूत्रपिंडाच्या धमन्याही तपासल्या. अशा रुग्णांत तिथेही भिंतीचा दोष सापडू शकतो. तिच्यात सापडला नाही. हे दुखणे पुन्हा होऊ शकते, म्हणून बीटा ब्लॉकरची गोळी चालू आहे, आणि पुन्हा गरोदर राहू नका असा सल्ला आहे. "एकच लेक? अजून एक होऊ द्या" म्हणत बायका येतातच. माझे मेहुणे आतून बाहेर येतात आणि सांगतात, "आम्हाला एक पुरे, तिची आई पाहिजे." जड ओझे उचलायला बंदी आहे. पाण्याचे हंडे आता तेच भरतात. सुरुवातीला गल्लीत लोक हसायचे.